एकच साल, दोन पॅरिस: चित्र आणि कादंबरी शेजारी ठेवताना फसलेला एक प्रकल्प

पार्श्वभूमी

आमच्या कला महाविद्यालयाच्या वार्षिक प्रदर्शनात एक दालन कला-इतिहासाला मिळतं. दालन म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. मी तिथे तासिका तत्त्वावर कला-इतिहास शिकवते, त्यामुळे त्या खोलीत काय लावायचं हे दरवर्षी माझ्याच गळ्यात येतं. त्या वर्षी शेजारच्या वरिष्ठ महाविद्यालयातल्या मराठी विभागाने एकत्र काम करू या असं सुचवलं. विषय ठरला: शहरातलं जगणं चित्रात कसं येतं आणि साहित्यात कसं येतं. आमच्याकडची पेंटिंगची सात मुलं, त्यांच्याकडची एम. ए.ची पाच, आणि हाताशी दहा आठवडे.

मुंबईच का नाही, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला. मुंबईबद्दल प्रत्येकाची मतं आधीच पक्की होती आणि मला ती मतं भिंतीवर नको होती. पॅरिस अभ्यासक्रमात होतं. शिवाय परक्या गावाकडे माणूस जरा निरखून बघतो, असा माझा समज होता. तो अर्धाच खरा निघाला.

दोन कलाकृती निवडल्या. पहिली, गुस्ताव कायबोतचं ‘पॅरिसमधला रस्ता, पावसाळी दिवस’ हे चित्र. आता ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. साँ-लाझार स्थानकाजवळच्या डब्लिन चौकातले ओले दगड, करड्या छत्र्या, मधोमध दिव्याचा हिरवा खांब, आणि उजवीकडून आपल्या अंगावर चालत येणारं एक सुखवस्तू जोडपं. इंप्रेशनिस्ट चित्रकारांच्या तिसऱ्या प्रदर्शनात, १८७७ साली, ते लोकांसमोर आलं. दुसरी, एमिल झोलाची ‘लासोम्वार’ ही कादंबरी. नावाचा अर्थ जवळपास ‘गुत्ता’. तीही पुस्तकरूपाने १८७७ चीच. जेर्वेझ नावाची धोबीण गूत-दोर या कामकरी वस्तीत स्वतःचं इस्त्रीचं दुकान थाटते आणि नवऱ्याच्या, स्वतःच्या आणि दारूच्या पायी सगळं घालवून बसते, ही तिची गोष्ट.

एकच साल, एकच शहर. जोडी आयतीच जमली होती आणि त्याचा मला जरा अभिमानही वाटला. मी मुलांना एक तक्ता आखून दिला. डावीकडे मुद्दे: कपडे, रस्ता, घर, काम, करमणूक, बायका. मधल्या रकान्यात चित्रात काय दिसतं, उजवीकडच्या रकान्यात कादंबरीत काय येतं. पुढचा सगळा घोळ त्या तक्त्यातून झाला.

अडचण

सातव्या आठवड्यात आठ फलकांचा मजकूर तयार होता. पहिल्याच फलकावर ठळक अक्षरांत वाक्य होतं: ‘१८७७ सालचं पॅरिस: श्रीमंत छत्रीखाली, गरीब गुत्त्यात.’ मुलं खूश होती, मीही होते. प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना मराठी विभागातले एक निवृत्त सर सहज बघायला आले. त्यांनी कादंबरी चाळली आणि चहा पिता पिता विचारलं, “अगं, हिच्या पहिल्या प्रकरणात तर लारिबोझिएर हॉस्पिटलचं बांधकाम चालू आहे. ते पुरं कधी झालं?”

ते हॉस्पिटल उघडलं १८५४ मध्ये. कादंबरी सुरू होते १८५० मध्ये आणि संपते १८६९ च्या सुमारास. म्हणजे पुस्तकावर छापलेलं साल १८७७ असलं, तरी आतलं पॅरिस तिसऱ्या नेपोलियनच्या राजवटीतलं. चित्रातलं पॅरिस त्या राजवटीच्या पतनानंतरचं. मधे प्रशियाशी युद्ध, शहराला पडलेला वेढा आणि १८७१ चं कम्यून, म्हणजे पॅरिसकरांचं बंड, एवढं सगळं होऊन गेलेलं. आमच्या तक्त्याने हे दोन काळ एका ओळीत बसवले होते. मुलांना सन विचारला तर ती मुखपृष्ठावरचा सन सांगणार. मला तरी हे आधी सुचायला हवं होतं.

एक धागा ओढला आणि बाकीचेही सुटायला लागले.

चित्राच्या फलकावर एका मुलाने लिहिलं होतं की आकाशातला पिवळट, मलूल प्रकाश आधुनिक शहरातली उदासी सांगतो. वाक्य छान होतं. पण त्याने ते चित्र आमच्या ग्रंथालयातल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकात पाहिलं होतं. शिकागोच्या संग्रहालयाने २०१३-१४ मध्ये हे चित्र स्वच्छ केलं, पिवळं पडलेलं जुनं वॉर्निश काढलं, आकाशावर नंतर कुणीतरी चढवलेला रंगही काढला. खाली निघालं ते निळसर, पाऊस सरत आल्यावर उजळू लागलेलं आकाश. आमच्या पोराने ज्या उदासीचं रसग्रहण केलं होतं ती वॉर्निशची होती.

एम. ए.च्या मुलांचं वेगळंच. त्यांनी फोनवर फुकट मिळणारं १९व्या शतकातलं एक अमेरिकी भाषांतर वाचलं होतं. ते बरंच कापलेलं आणि सोवळं केलेलं. त्यावरून त्यांनी लिहिलं: ‘लेखक कामगारांविषयी अत्यंत संयत भाषेत बोलतो.’ आणि या कादंबरीवर पॅरिसमध्ये आरडाओरडा झाला तो मुख्यतः भाषेवरूनच! वस्तीतली बोली झोलाने पात्रांच्या तोंडापुरती ठेवली नाही, निवेदनातच ओतली. एका दैनिकात सुरू झालेली मालिका मधेच थांबली आणि पुढचा भाग दुसऱ्या नियतकालिकात छापावा लागला. इंग्लंडमध्ये झोलाची भाषांतरं काढल्याबद्दल हेन्री व्हिझेटेली या प्रकाशकाला १८८९ मध्ये ३ महिने तुरुंगात जावं लागलं. त्या काळचे भाषांतरकार हातात कात्री घेऊनच बसत असतील तर नवल नाही. पण आमची मुलं त्या कात्रीलाच झोला समजत होती.

चौथी अडचण नाजूक होती. गटात लालबागच्या चाळीत वाढलेली एक मुलगी होती. कादंबरीतल्या धुण्याच्या घाटावर जेर्वेझ आणि व्हिर्जिनी नावाची दुसरी बाई यांची जुंपते, अंगावर बादल्या ओतल्या जातात, शेवटी जेर्वेझ धोपाटण्याने तिला बडवून काढते. या प्रसंगाच्या फलकाला तिने मथळा दिला होता, ‘नळावरचं भांडण’. आम्ही सगळे हसलो होतो आणि मथळा मंजूर केला होता. आता तीच म्हणाली, “मॅडम, हे पण चुकलंय वाटतं. नळ आमचाच असतो. इथे आत जायलाच पैसे पडतात.” बरोबर होतं तिचं. तो घाट म्हणजे धंदा आहे. दाराशी साबण, नीळ विकणारी खिडकी आहे, आत वाफेचं यंत्र आहे. ‘चाळ’ आणि ‘नळ’ हे शब्द वापरल्याबरोबर आम्हाला सगळं कळल्यासारखं झालं होतं आणि पुढे बघायचं राहून गेलं होतं.

समोर असलेले पर्याय

तीन आठवडे होते. बैठकीत चार वाटा पुढे आल्या.

पहिली, मथळे दुरुस्त करायचे, सनांच्या टिपा घालायच्या, बाकी तसंच ठेवायचं. बहुतेकांचा कल इकडे होता. प्रदर्शनाला येणारे पालक सन तपासत बसत नाहीत, हेही कुणीतरी बोललं. खरं आहे, नाही बसत.

दुसरी, कादंबरी सोडून द्यायची आणि नुसतं चित्र ठेवायचं. ही सूचना पेंटिंगच्या मुलांची, आणि तीत थोडी खुन्नसही होती. मराठीवाल्यांनी सात आठवडे काही वाचलंच नाही अशी त्यांची तक्रार.

तिसरी वाट मला मोहात पाडत होती: कादंबरीला शोभेल असं दुसरं चित्र आणायचं. देगाने इस्त्रीवाल्या बायका कितीदा रंगवल्या आहेत. किंवा खुद्द कायबोतचंच १८७५ चं चित्र आहे, उघड्या अंगाने, गुडघ्यांवर बसून लाकडी जमीन तासणारे कामगार. त्या वर्षीच्या सालोंने, म्हणजे सरकारी वार्षिक प्रदर्शनाने, ते नाकारलं होतं. यातलं काहीही आणलं असतं तर तक्त्याचे रकाने पटापट भरले असते. गोम तिथेच होती. चित्राला कादंबरीच्या बाजूने साक्षीदार म्हणून उभं केलं की त्याला स्वतःचं काही बोलता येत नाही. आधी जे केलं तेच आम्ही नीटनेटकेपणाने पुन्हा केलं असतं.

चौथी, जोडी तीच ठेवायची आणि ती जुळत नाही हाच विषय करायचा. यासाठी आठही फलक फाडावे लागणार होते. निवृत्त सर म्हणाले, “तक्ता टाकून द्या. फक्त एवढंच विचारा, की बघणारा कुठे उभा आहे.”

मी चौथी वाट धरली. ती सगळ्यांना पटली होती असं नाही. दोन मुलं त्या दिवसापासून यायची बंद झाली, त्यातलं एक शेवटच्या आठवड्यात परत आलं.

काय केलं

आधी चित्र खऱ्या मापाचं केलं. मूळ चित्र साधारण २१२ बाय २७६ सेंटिमीटर आहे, पुस्तकातल्या पानावर त्याचा काही पत्ता लागत नाही. रद्दीचे कागद चिकटवून तेवढा मोठा कागद भिंतीवर लावला आणि त्यावर कोळशाने मुख्य आकृत्या उतरवल्या. उजवीकडचं जोडपं जवळजवळ माणसाएवढं झालं. त्या कागदासमोर उभं राहिल्यावर मुलांना काही सांगावंच लागलं नाही. जोडपं बाजूला बघतंय, त्यांचं आपल्याकडे लक्ष नाही. उजव्या कडेला एक पाठमोरा माणूस अर्धा चौकटीत, अर्धा बाहेर. त्याची छत्री आणि त्यांची छत्री आता एकमेकींना लागणार. आणि आपण त्याच फुटपाथवर, त्यांच्याच उंचीवर. कागदासमोर आलेला जवळजवळ प्रत्येक जण नकळत अर्धं पाऊल बाजूला सरत होता.

म्हणजे चित्राने बघणाऱ्याला जागा दिली आहे ती त्या जोडप्याच्या बरोबरीची. त्याच वर्गातला, त्याच फुटपाथवरचा एक अनोळखी माणूस. कायबोत श्रीमंत घरातला होता आणि त्या भागात त्याचा वावर होता, ही माहिती मुलांना आधीच होती. पण ‘चित्रकार श्रीमंत म्हणून चित्र श्रीमंतांचं’ असं लिहिणं वेगळं आणि आपण नेमके कुठे उभे राहिलो आहोत हे अंगाला कळणं वेगळं.

मग जोडप्याच्या मागे, लांबवर, शिडी घेऊन चाललेला एक कामगार सापडला. सात आठवडे कुणालाच तो दिसला नव्हता. कागदावर त्याची उंची वीतभर भरली.

त्यानंतर कादंबरीचं पहिलं प्रकरण. या वेळी पूर्ण, नव्या भाषांतरातून. मी जमेल तसं तोंडी मराठीत सांगत गेले. पहाट. जेर्वेझ एका भिकार लॉजच्या खिडकीत उभी आहे, रात्रभर घरी न आलेल्या लँतिएची, तिच्या तेव्हाच्या जोडीदाराची, वाट बघत. खाली जकात-नाक्यातून कामगारांचा लोंढा शहरात शिरतोय. खिडकी वर आहे, रस्ता खाली आहे. पण वरून बघणारी बाई रस्त्याची मालकीण नाही. तिच्या घरात पैसा नाही, दोन मुलं झोपलेली आहेत, आणि त्या गर्दीत तिला फक्त एकच माणूस शोधायचाय. पेंटिंगचा एक मुलगा म्हणाला, “चित्रात आपण थांबून बघतो. हिला थांबून बघायला परवडत नाही, तरी ती थांबलीय.” हे वाक्य आम्ही फलकावर जसंच्या तसं घेतलं.

रंगांच्या बाबतीत तर आमचा अंदाज साफ उलटा पडला. आम्ही समजत होतो, चित्रात रंग आणि पुस्तकात काळी अक्षरं. प्रत्यक्षात चित्र जवळजवळ सगळंच करड्या-निळ्यात आहे आणि रंगांची उधळण कादंबरीत आहे. जेर्वेझ राहते त्या अवाढव्य इमारतीच्या आवारात एक रंगारी आहे आणि त्याचं सांडपाणी दारातून वाहतं. सुरुवातीला ते पाणी गुलाबी असतं, निळं असतं, ती त्यावरून टांग टाकून जाते. शेवटी, उपाशी, दारू प्यायलेली, ती त्याच दारातून येते तेव्हा पाणी काळं झालेलं असतं. लालबागच्या मुलीने यावर एक फलक केला. त्यावर शब्द जवळजवळ नाहीतच, वरून खाली ओघळलेले रंगाचे तीन पट्टे फक्त. माझ्या मते अख्ख्या दालनात तोच सर्वांत चांगला होता.

शिडीवाल्याची जागा कादंबरीतल्या कूपोने घेतली. कूपो हा जेर्वेझचा नवरा, छपरांवर जस्ताचे पत्रे बसवणारा. एका नव्या इमारतीच्या छपरावर काम चालू असताना खालून त्यांची लहानगी मुलगी नाना हाक मारते, तो वाकून बघतो आणि पडतो. पाय मोडतो, हळूहळू कामाची भीती बसते, मग गुत्ता. चित्रात मागे दिसणाऱ्या त्या रेखीव इमारती ओस्माँ या सरकारी अधिकाऱ्याने १८५३ पासून शहराची जी उलथापालथ केली, त्याच काळाच्या. त्यांच्यावर कुणीतरी चढलं असेलच. चित्रात छप्पर पुरं झालेलं आहे, कादंबरीत ते अजून चाललंय. दोघांतलं अंतर आम्ही नकाशावर मोजलं: डब्लिन चौक ते गूत-दोर, सरळ रेषेत सुमारे २ किलोमीटर. चालत अर्धा तास. आणि १८६० पर्यंत गूत-दोर पॅरिस शहराच्या हद्दीतही नव्हतं.

एक प्रसंग मात्र आम्हाला कुठे बसवावा ते कळेना. जेर्वेझच्या लग्नाच्या दिवशी पाऊस येतो. वरात कुठे न्यायची? कुणीतरी सुचवतं, लूव्र बघू या. मग ही सगळी मंडळी, भाड्याच्या आणि जुन्या कपड्यांत, चकचकीत फरशीवरून जपून पावलं टाकत चित्रं बघत फिरतात. रुबेन्सच्या जत्रेच्या चित्रापुढे बायका बारीक किंचाळून लाल होत तोंड फिरवतात, पुरुष फिदीफिदी हसतात. शेवटी दालनांत वाट चुकतात, आणि संग्रहालय बंद व्हायची वेळ होते तरी दार काही सापडत नाही. शहरावरच्या कादंबरीत शहरातले लोक चित्रं बघतात, आणि झोला त्यांना हसतोय की त्यांच्याबरोबर हसतोय हे नक्की सांगता येत नाही. यावर दोन तास वाद झाला. एका मुलाचं म्हणणं, लेखक त्यांची टिंगल करतो. हाच आक्षेप तेव्हाच्या डाव्या मंडळींनीही घेतला होता, की हा कामगारांची बदनामी करतो. उजव्यांना कादंबरी अश्लील वाटली, ते वेगळंच. आम्ही निकाल लावला नाही. फलकावर दोन्ही बाजू लिहिल्या आणि खाली जागा मोकळी सोडली.

निष्पत्ती

आठाचे सहा फलक झाले. सहावा आदल्या रात्री अकराला संपला आणि तो वाचवत नाही इतका दाट झाला. मथळा बदलून ‘१८७७: दोन पॅरिस’ असा केला. निमंत्रणपत्रिका जुन्या मथळ्याने छापून झाली होती, त्यावरून प्राचार्यांकडून जे ऐकायचं ते ऐकलं.

लोक सर्वांत जास्त वेळ रद्दीच्या कागदासमोर थांबले. मराठी विभागाची सुरेख बांधलेली पुस्तिका जवळपास कुणी उघडली नाही. लूव्रच्या फलकाखालच्या मोकळ्या जागेत अठरा जणांनी काहीतरी लिहिलं. एका पालकांनी लिहिलेलं मला आठवतं: आम्ही पण तुमच्या प्रदर्शनाला असेच येतो.

गुणांच्या बाबतीत निकाल मिश्र होता. पेंटिंगच्या परीक्षकांना कोळशाचं काम कच्चं वाटलं. मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनात रंगपट्ट्यांच्या फलकाला ‘विवेचनाचा अभाव’ असा शेरा मिळाला. मी त्यावर भांडले, एक गुण वाढला.

वेगळं काय करता आलं असतं

तक्ता द्यायलाच नको होता, हे उघड आहे. ‘चित्रात काय, कादंबरीत काय’ असं विचारलं की मुलं दोन्हीकडून सारख्याच वस्तू गोळा करून आणतात: टोपी इथेही, टोपी तिथेही. पण तक्ता नसता तर पहिल्या महिन्यात काहीच हललं नसतं, असंही मला वाटतं. आता मी तो देते, पण पाचव्या आठवड्यात सगळ्यांकडून परत घेते. मुलं चिडतात.

सनांचं काम पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, आणि तेही तीन वेगवेगळ्या ओळींत: घडलं कधी, लिहिलं किंवा रंगवलं कधी, आणि आपल्या हातातली प्रत कधीची. तिसरी ओळ सगळे विसरतात. आमच्या चारातल्या दोन चुका तिथल्याच होत्या.

लालबागच्या मुलीच्या बाबतीत माझी चूक जास्त मोठी. तिचा अनुभव आम्ही विनोदी मथळा म्हणून वापरला. ‘तुमच्याकडे नळावर रांग कशी लागायची, पैसे कोण द्यायचं, भांडण कोण सोडवायचं’ हे आम्ही तिला पहिल्या आठवड्यात विचारलं असतं, तर घाट आणि नळ यांतला फरक तिने तेव्हाच सांगितला असता. तिने स्वतःहून सांगितलं म्हणून निभावलं. मुंबई टाळण्याचा माझा निर्णय त्यामुळे आता मला तितकासा बरोबर वाटत नाही. मुंबई खोलीत येऊन बसलेलीच होती, मी तिला बोलू दिलं नव्हतं.

गळालेल्या त्या दोन मुलांचं काय करायला हवं होतं ते मला अजून सांगता येत नाही. सात आठवड्यांचं काम फाडा म्हटल्यावर कुणीतरी निघून जाणारच. पहिला पर्याय निवडला असता तर ती राहिली असती आणि फलकही वेळेत झाले असते.

रद्दीचा कागद पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने सुटला. ग्रंथालयातलं ते जाड पुस्तक अजून तिथेच आहे. त्या पिवळ्या आकाशाखाली मी पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहून ठेवलंय: ‘स्वच्छ करण्याआधीचं.’